पत्र्याच्या भिंतीतल्या फटी

अण्णा, काल करमाडच्या घराच्या गच्चीवर आईनं कुरडया घातल्या. त्याचं मोल तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या खडी क्रशरवरची बारीक कच अंगणापलीकडं ढीग होऊन पडलेली असे, आणि उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की थेट घरात यायची. भाकरी दाताखाली कचकचायची. आईचा खोकला हटेना, तेव्हा ती उस्मानपुऱ्यात मामाकडं राहायला गेली. भांडण नव्हतं. श्वास घेता आला की येते, एवढंच म्हणाली. मग तिच्यासाठी तुम्ही ढिगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला पत्र्याची उंच भिंत उभी केलीत. तुम्हाला भोक म्हणून बघवत नसे. बनियनला पडलेलंही तुम्ही स्वतः शिवायचात. दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट दिसली की डांबर तापवायला लावायचात. शिडीवर तुम्ही, खाली डबा धरून मी. "वाऱ्याला मुंगीएवढी वाट मिळाली नाय पाहिजे," म्हणायचात.

आई आली. हौसेनं गहू भिजवले, चीक शिजवला, कुरडया घातल्या. दुपारी वारा सुटला. भिंतीवर आपटून वर चढला, पलीकडं ढिगातच कोसळला, गरगरला आणि कधी नव्हे एवढी कच गच्चीवर आणून टाकली. आई गच्चीवर गेली. कुरडया सुपात भरून उकिरड्यावर टाकल्या आणि संध्याकाळच्या बसनं परत गेली. आणि तुम्ही डांबराचा डबा घेऊन पुन्हा फटी शोधायला लागलात. ते आठवलं की अजून तुमचा राग येतो, आणि कीवही येते. तुम्ही गेलात तेव्हाही ती उस्मानपुऱ्यातच होती.

गेल्या वर्षी मी ती भिंत उतरवली. तिच्या जागी जाड दोऱ्याची जाळी लावली, बाहेरून बांबू लावले, आणि ढीग जाळीच्या वर जाऊ देत नाही. वारा आत येतो, पण दमून येतो. कच उचलायचं बळ त्याच्यात फारसं उरत नाही. धूळ अगदी संपली असं नाही, पण भाकरी आता कचकचत नाही, आणि आई परत राहायला आलीय. फटी बुजवण्याऐवजी तुम्ही मोठ्या केल्या असत्या तर आई तेव्हाच राहिली असती, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काल आईला थाप मारली, की जाळीचं अण्णाच सुचवून गेले होते. ती सोऱ्यात चीक भरत होती. "तुझ्या अण्णाला भोकाचं काही चालत व्हतं का? उगं खोटं बोलू नको," म्हणाली. मग सोऱ्या फिरवता फिरवता हळूच म्हणाली, "पर भिंत माझ्यापायी घातली व्हती, ते मला ठावं हाय."

हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं होतं का, विचारायचा धीर झाला नाही. हा कागदही धाडणार कुठं? घडी घालून फडताळात ठेवतोय. एक मात्र सांगून टाकतो. परवा वाऱ्यानं जाळी मूठभर फाटली. सगळी जाळीच भोकांची, तरी मला चैन पडेना. शिडी लावली आणि शिवून टाकलं.