हसणाऱ्या बाईचा पत्रा

मी, हार्लन प्रुइट, निवृत्त पोस्टमन, राहणार गॅलिपोलिस, ओहायो, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण बुद्धी शाबूत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सारे काही माझी पत्नी व्हर्ना हिच्या नावे होते, आणि व्हर्ना आता नाही.

१. राहते घर, सामान व गाडी माझी पुतणी कॉरिन हिला द्यावी. परसातले पॉपॉ या फळाचे झाड तिने तोडू नये.

२. माझे सर्व टिनटाइप, म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर काढलेले जुने फोटो, गावच्या इतिहास मंडळाला द्यावेत. खुर्चीत ऐटीत बसवलेला कोंबडा, दात उपटणारा वैद्य, बाळ हलू नये म्हणून त्याला मांडीवर धरून स्वतः चादरीखाली लपलेली आई, असे नग सहसा मिळत नाहीत. पत्र्याची दुसरी प्रत नसते. एकाकडे गेला की दुसऱ्याने हात चोळत बसायचे.

अट एकच. डेल्बर्ट योकम यास हे फोटो काचेबाहेरून पाहू द्यावेत, हातात देऊ नयेत.

३. या अटीचे कारण कॉरिन विचारील, म्हणून लिहितो. डेल्बर्ट माझा मित्र. जुन्या बाजारात आम्ही जोडीने जात असू. एकदा एका ढिगात हसणाऱ्या बाईचा पत्रा दिसला. त्या काळी फोटोसाठी पुतळ्यासारखे बसावे लागे, हसणारे कुणी सापडत नाही. ही चक्क दात दाखवून हसत होती. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत पत्रा डेल्बर्टच्या हातात.

"चष्म्यानं घात केला रे तुझा!" तो म्हणाला.

मला त्याने तो कधी हातात धरू दिला नाही. व्हर्नाला मात्र धरू दिला. घरी येताना ती म्हणाली, "हार्लन, तुझ्याकडची माणसं सगळी सुतकात बसल्यासारखी. त्याच्याकडे एक तरी हसतीय." पुढे ती केक भाजून त्याच्याकडे नेऊ लागली. त्या बाईला बघायला जाते, म्हणे. मी खोलात शिरलो नाही. जळत मात्र राहिलो.

व्हर्नाच्या अंत्यविधीला डेल्बर्टने शवपेटीत वाकून तो पत्रा तिच्या हाताखाली सरकवला.

"हे काय चाललंय?"

"तिला आवडायचा."

"माझ्या बायकोला काय आवडायचं, ते तू मला सांगणार?"

"मग घे काढून," तो म्हणाला. डोळे लाल झाले होते त्याचे.

मी हात पुढे केला. जन्मभर हवा होता तो पत्रा बोटभर अंतरावर होता. व्हर्नाची बोटे त्यावर अशी विसावली होती, की मी हात मागे घेतला. झाकण बसले. त्याने आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे तिला देऊन टाकले, आणि मला ते सुचलेसुद्धा नाही. याची क्षमा मी त्याला करत नाही.

४. मला व्हर्नाच्या उजवीकडे पुरावे. तिच्या डावीकडच्या जागेची डेल्बर्टने चौकशी केल्याचे दफनभूमीच्या रखवालदाराकडून कळताच ती मी विकत घेतली. ती रिकामीच ठेवावी. डेल्बर्टने फुले आणली तर अडवू नये. मात्र माझ्या बाजूने येऊन ठेवावीत.

लिहून देणार: हार्लन प्रुइट (सही)

हार्लनने आमच्यादेखत वाचून सही केली, आम्ही त्याच्यादेखत केली:
लोर्ना हचेन्स, शेजारीण (सही)
एमेट फ्राय, न्हावी (सही)

गॅलिपोलिस, १४ ऑक्टोबर २०११