सोनेरी टोपीवरचे दोन ओरखडे

३ मार्च, सोमवार
पंधरा दिवस वही उघडली नाही. उशीर झाला, चूक झाली. महाडच्या डॉक्टरने सांगितलंय, छातीत धडधडलं की लिहून काढा, बोलू नका. आज बोललो, आणि वाढलं.

बबन सकाळीच पडवीत आला. भाऊ धाकटा, पण मोबाईल माझ्या नाकासमोर धरला तो थोरल्यासारखा. त्यात कोणी माणूस कॉम्प्युटरच्या जुन्या चिपा तेजाबात टाकून सोनं काढत होता.
"बघ, महेशच्या डब्यात काय हाय ते. सगळं माझ्या भंगारातनं उचललंय त्यानं. एक रुपाया नाय दिला."
मी म्हणालो, तेव्हा तू त्या लाथेने उडवत होतास.
"तेव्हा ठावं नव्हतं. आता हाय. तेजाब मी आणतो. अर्धं तुझं, अर्धं माझं."
विचारलं नाही, सवरलं नाही. फडताळातून डबा स्वतःच काढला, पांढरी चिप उचलून उन्हात धरली. मी हिसकावून घेतली. तो हसला. म्हणाला, "जप हां दादा. धनावरचा नागोबा झालायस."
मी नागोबा. आणि हा कोण?

४ मार्च
डबा बिस्किटांचा. आत स्पंज, स्पंजात टोचलेल्या एकोणीस चिपा, वर महेशच्या अक्षरातली नंबरांची यादी. महाडला त्याच्या रिपेरीच्या दुकानात पुराचं पाणी शिरलं तेव्हा पोरगा हा डबा मांडीवर घेऊन छपरावर बसला होता. दुकान गेलं, डबा राहिला. मस्कतला जाताना म्हणाला, "बाबा, बाकी काहीही विका. याला हात लावायचा नाही, कोणाला लावू द्यायचा नाही."
मला त्यातलं काही कळत नाही. सातवी शिकलो, कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं गाड्यांचे नंबर लिहिले. पण बबन कळतो. आज अर्धं मागतो, उद्या तेजाबाची बाटली घेऊन दारात उभा राहील. फडताळाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. दिवसभरात चार वेळा चाचपली.

६ मार्च, गुरुवार
पांढरी चिप रुमालात बांधून एसटीने महाड. तळ्याकडच्या सोनार अण्णांकडे. मला एवढंच ऐकायचं होतं की यात सोनं नाही. ते बबनच्या तोंडावर मारलं की विषय मिटला.
अण्णांनी चष्मा चढवला. मी तोंड उघडायच्या आत चिपवरची सोनेरी पत्र्याची टोपी कसोटीच्या दगडावर घासली. दोनदा. जन्माची सवय, पिवळं दिसलं की हात दगडाकडे. वर तेजाबाचा थेंब सोडला, दगड माझ्यापुढे धरला.
"सोनं आहे हो. पण पेढ्यावरच्या वर्खाइतकं. पेढा म्हणून कोणी घेत असेल तर द्या. वर्ख खरवडून पोट भरायचं नाही."
पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.
गाडीत बसल्यावर रुमाल उघडला. टोपीवर दोन ओरखडे. खालचं राखाडी दिसतंय.

घरी येऊन चिप होती तिथे टोचून ठेवली. बबनला काही बोललो नाही. हिलाही नाही. वर्खाची गोष्ट सांगायची तर मी कुठे गेलो होतो तेही सांगावं लागेल.

९ मार्च, रविवार
महेशचा फोन. आवाज किती दिवसांनी हलका. पुण्याचे एक गृहस्थ जुन्या चिपा जमवतात, त्यांना पांढरी हवी आहे. सोन्यासाठी नाही, जशी आहे तशी ठेवायला. म्हणाला, "बाबा, तेवढ्यात पोलादपूरला गाळ्याचं डिपॉझिट भागतं. गणपतीला आलो की परत जायचं नाही. फक्त टोपीवर ओरखडा नको, नाहीतर ती भंगारच. फोटो पाठवा."
ही फोटो काढायला बसली. चिप बघितली आणि कपाळावर हात मारला. "हे भावजींचं काम. सोमवारी हातात घेतली होती की नाही त्यांनी?"
मी म्हणालो, घेतली होती.
घेतलीच होती. खोटं बोललो नाही.

१० मार्च
हिने महेशला तसंच कळवलं. आज त्याने मस्कतहून बबनला फोन केला. काय बोलला ठाऊक नाही. ब. अंगणात उभा राहून ओरडत होता, सगळी वाडी बाहेर.
"दादा, बाहेर ये. मी घासली? कधी घासली ते सांग तुझ्या पोराला."
मी म्हणालो, हातात तू घेतली होतीस.
"हातात घेतली म्हणजे घासली काय रे? तू समोर होतास ना? खांद्यावर बसवून शिमगा दाखवला त्या पोराला मी. चोर म्हणला मला तो."
तेव्हा सांगणार होतो. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "नागोबा तो नागोबाच. पोर पण तसंच काढलंय." मग कशाला सांगू? आत आलो, दार लावलं. छातीत फार धडधडलं.

१५ मार्च, शनिवार
शिमग्याची पालखी अंगणात आली. आमच्या घरचा नारळ एकच. मी धरायचा, बबनने हात लावायचा, बाप गेल्यापासूनची रीत. यंदा तो पलीकडे स्वतःचा नारळ घेऊन उभा. गुरव घोटाळला, म्हणाला, "घर एकच ना तुमचं?"
बबन म्हणाला, "होतं."
सगळ्यांनी ऐकलं. देवापुढे बोलायची गोष्ट आहे का ही? मुद्दाम बोलला. मला खाली बघायला लावायचं होतं, लावलं.

१७ मार्च
ब.ने मधल्या कुडावरून पिशवी भिरकावली. माझ्या पायाशी पडली.
"घे. भंगारात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. मेल्यावर तोंडात सोन्याचा मणी घालतात ना, यातली एक घालायला सांग वहिनीला. आणि खांद्याला माझी वाट बघू नको."
सख्खा भाऊ.
पिशवी गोणपाटावर ओतली. बहुतेक तुटकं, हिरवं, वाकल्या पायांचं. त्यात एक पांढरी, सोनेरी टोपीची. भिंग आणलं. महेशच्या यादीशी आकडा न् आकडा ताडून बघितला, गेटवर बघायचो तसा. नंबर तोच. ओरखडा नाही.
ही म्हणाली, "देव पावला. हिचा फोटो पाठवा."
मी म्हणालो, बबनची आहे.
"त्यांनीच फेकली ना?"
फेकली. दिली नाही. त्याला काय फेकलं हेही ठाऊक नाही.

२० मार्च
आज तळ्यावर सत्याग्रहाच्या दिवसाची गर्दी, महाडच्या गाड्या भरून. अण्णांकडे जाऊन ओरखडा बुजतो का विचारायचं होतं. गेलो नाही. ते पुन्हा दगडच काढतील.
हिला वाटतं मी गाढव आहे. दोन दिवस वाढते आणि उठून जाते. काल ताट ठेवताना म्हणाली, "पोरगा यायचा तर भावाचं मोजमाप कसलं करताय? की दुसरंच काही आहे?"
जेवलो नाही.

२२ मार्च, शनिवार
सकाळी बबनच्या दाराशी गेलो. कडी वाजवली. त्याची बायको आतूनच बोलली, "ते भंगारातच झोपतात आता, महाडला. नाव काढू नका म्हणालेत तुमचं."
बरं. मग मीही जाणार नाही त्याच्यामागे.
हिला सगळं सांगितलं. सोनार, दगड, वर्ख. ती भांडी घासत राहिली. मग हात पुसून मोबाईल आणून दिला. एक एक अक्षर दाबत तासभर गेला. दुपारी महेशला मेसेज पाठवला. आता दिवेलागण झाली. काय पाठवलं ते इथे उतरवून ठेवतो, नंतर मीच नाकारायला नको.

महेश, चिप काकाने घासली नाही. मी सोनाराकडे नेली होती, त्याने घासली. तुला खोटं बोललो नाही, पण गप्प बसलो. सोबत दुसऱ्या चिपचा फोटो आहे, नंबर तोच, ओरखडा नाही. ती काकाची आहे. त्याने रागात फेकली, मोल त्याला ठाऊक नाही. विकायची तर त्याला मोल सांगून, विचारून. ते तू विचार. मी विचारणार नाही, त्याने माझं मरण काढलंय. आधी तुझं स्वतःचं चुकलं ते त्याच्याकडे कबूल कर, मग माझं चुकलं ते सांग. तो काय म्हणाला, आणि तू गणपतीला राहायला येतोस की परत जायला, तेवढं लवकर कळव. फोन उशाशी ठेवला आहे.