वडूजच्या माळावरचे महाराज

।। श्री वीरभद्र प्रसन्न ।।

कुंडल,
२१ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
नाथाजीचा सा. न. वि. वि.

तुझा तिळगुळाचा डबा पोहोचला. पोस्टात कुणीतरी उलटा ठेवला असावा, निम्म्या वड्यांचा चुरा झाला होता. चुरा दुधात घालून संपवला. रेश्मा म्हणते, अक्कांच्या हाताला अजून तीच चव आहे.

आता मुख्य गोष्ट. ऋषिराज फौजेच्या ट्रेनिंगला गेल्यापासून लेकाची मोटारसायकल सोप्यात उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून मी ती सागरेश्वरच्या वळणापर्यंत फिरवून आणतो. मध्यंतरी एकदा त्या वळणावरून परत फिरावेसे वाटेना. फिरलो, कारण उसाला पाणी चालू होते. पण तेव्हापासून मनात घोळते आहे, की एकट्याने गाडीवर निघावे, काही रात्री तंबूत काढाव्यात आणि घरी यावे. लांब कुठे नाही. सोनसळचा चौरंगीनाथ, औंधची यमाई आणि तुमच्याकडचा माळ. तंबू ऋषिराजचाच आहे, ऑनलाइन मागवलेला. रंग भगवा. त्याच रंगावर सूट होती म्हणे.

गेल्या वर्षी छातीत जाळी बसवल्यापासून मला कुणी एकटे सोडत नाही. मळ्यात गेलो तरी रेश्माचा फोन मागोमाग येतो. ती चुकते असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी तिनेच मला गाडीत घातले होते. पण सतत कुणी बघत असले की माणूस स्वतःकडे बघायचा राहून जातो. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, गोळ्या चुकवू नका, मीठ बंदच ठेवा, बाकी खुशाल जा. रेश्मा मात्र म्हणाली, अक्का हो म्हणाल्या तर माझी ना नाही. ती हे बोलली कारण तू नाही म्हणशील अशी तिची खात्री आहे.

दुसरे. जयराजचा पुण्याहून फोन होता. कुकरमधले पाणी आटून डाळ जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, तरी तुला शिट्टी ऐकू आली नाही. शेजारच्या दिलशादभाभी धावत आल्या म्हणून बरे, हे त्याने सांगितले. गुढीपाडव्याच्या आत तुला कायमचे पुण्याला न्यायचे म्हणतो. तू त्याचे ऐकत नाहीस, तेव्हा मामाने शेवटचा शब्द द्यावा असे त्याचे म्हणणे. अक्का, मला तरी त्याचे पटते. दाजी गेल्यापासून तू त्या घरात एकटी आहेस आणि कान तर पूर्ण गेले. विचार कर.

दोन्हींचे उत्तर पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
नाथाजी

---

वडूज,
२७ जानेवारी २०२५

चि. नाथास,
बनुअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा हसू आले. घर असून माळावर झोपणारी माणसे मी दोनच प्रकारची बघितली आहेत, मेंढके आणि ऊसतोडीवाले. त्यांनाही कुणी घर दिले तर ते तंबू पेटवून देतील. तुला पन्नाशीला आल्यावर हौस सुटली आहे. आईने लहानपणी तुला रात्री ओसरीवर एकट्याला झोपवले असते तर ही वेळ आली नसती. पण तू रडून घर डोक्यावर घ्यायचास.

एका कागदावर तू दोन गोष्टी लिहिल्यास. वरच्या निम्म्यात म्हणतोस, अक्का, मला एकटे राहू दे. खालच्या निम्म्यात म्हणतोस, अक्का, तू एकटी राहू नकोस. मधे निदान एक ओळ तरी मोकळी सोडायचीस.

जा तू. रेश्माला सांग, मी हो म्हणाले. मी तुला नाही म्हणाले तर उद्या जयाला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? फक्त एवढे ऐक. वडूजला आलास तर घरी यायचे. बहिणीचे दार समोर असताना भाऊ माळावर झोपला, तर लोक म्हणतील बहीणभावात जमिनीवरून बिनसले. इथे लोकांना तेवढे पुरते.

पुण्याचे म्हणशील तर जया चांगला आहे, सून प्रांजल त्याहून चांगली आहे. तिथे मला कशाची कमी पडणार नाही. पण चौथ्या मजल्यावर मी काय करू? इथे कान गेले तरी गल्ली मला ओळखते. कोण कुठल्या वेळेला जाते, कुणाच्या चुलीचा धूर कुठल्या बाजूने येतो, हे बघून मला दिवस कळतो. व्हिडिओवर जयाचे तोंड हलताना दिसते, मी मान डोलवते. तिथे गेले तर दिवसभर तेच. कानाचे मशीन लावले की नुसती शिट्टी वाजते, ते डबीत ठेवले आहे.

तरी तू मामा आहेस. आपल्यात मामाचा शब्द मोडत नाहीत, तो मीही मोडणार नाही. जा म्हणालास तर पाडव्याच्या आत पेटी बांधीन. पण ते कागदावर नको आणि जयाच्या फोनवर नको. माझ्यासमोर उभा राहून सांग.

गोळ्या वरच्या खिशात ठेव. देव बुद्धी देवो, तुला आणि मलाही.

तुझी,
अक्का

---

।। श्री यमाई प्रसन्न ।।

औंध,
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे अंतर्देशीय औंधच्या पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितो आहे. कदाचित माझ्या मागूनच पोहोचेल.

रथसप्तमीला सूर्याला अर्घ्य देऊन निघालो. रेश्माने गाडीला हळदकुंकू लावले, माझ्याकडे बघितले नाही. सामान बांधताना मी धान्याचे पोते बांधतात तसे दोर आवळले होते, त्यामुळे कडेगावात चहासाठी थांबलो तेव्हा गाठ सुटेना आणि गोळ्या आत. हॉटेलवाल्याने ती चमच्याच्या दांड्याने सोडवून दिली. करू नये तिथे शहाणपणा केला की असे होते.

चौरंगीनाथाच्या पायथ्याला पहिला तंबू ठोकला. उतार बघितला नाही, त्यामुळे सकाळी उठलो तेव्हा पाय तंबूच्या कापडात आणि उशी वरच्या अंगाला राहिलेली. भात तेवढा बरा झाला. अळणी भात एकट्याने खाताना कुणाला तोंड वाकडे करून दाखवायचे नसते, म्हणून तो गिळला जातो, हे नवीन कळले.

पण अक्का, खरे सांगतो. दिवस मावळल्यावर वारा पडला आणि सगळे इतके शांत झाले, की माझे मलाच कान गेल्यासारखे वाटले. छातीत काहीतरी हलल्याचा भास झाला. हाक मारली असती तर ऐकायला नाथबाबाशिवाय कुणी नव्हते. त्याचेच नाव घेत पडून राहिलो. तेव्हा मनात आले, की माझी अक्का रोज अशी झोपते. मी चार दिवसांनी घरी जाणार, तिचे मात्र हेच घर.

काल आणि आज इथे यमाईच्या डोंगराखाली मुक्काम. दर्शन निवांत झाले. तिच्यापुढे बसून ठरवले आहे. रविवारी तुझ्या घरी येतो आणि समोर उभा राहून सांगतो. काय सांगणार ते तुला कळलेच असेल. राग धरू नकोस.

तुझा,
नाथाजी

---

कुंडल,
११ फेब्रुवारी २०२५

चि. जयराज यास,
मामाचे आशीर्वाद.

हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू मधेच बोलतोस. म्हणून लिहितो. पूर्ण वाचल्याशिवाय आईला किंवा मला फोन करू नकोस.

शुक्रवारी दुपारनंतर मी वडूजला पोहोचलो. तुझ्या आईला रविवार सांगितला होता. तिला पुण्याला जा म्हणायचे मनाशी पक्के होते, पण म्हणायला तोंड धजेना. म्हणून एक दिवस येरळा नदीच्या पलीकडे माळावर काढावा असे ठरवले. तिने घरीच यायला बजावले होते. मी तिचे ऐकले नाही, ही माझी चूक.

तंबू ठोकतो न ठोकतो तोच शाळूच्या रानातून एक म्हातारबा आला आणि पाण्याची कळशी ठेवून गेला. काही विचारले नाही. तिन्हीसांजेला दोघे जण आले, तंबूच्या खुंट्या हलवून बघितल्या, ढिल्या वाटल्या त्या दगडाने ठोकून दिल्या. एका आजीने पिठले-भाकरी आणली. मी हात जोडून सांगितले, की मीठ चालत नाही. तिने विचारले, कवापासनं सोडलंय. मी खरे ते सांगितले, गेल्या वर्षापासून. डॉक्टरांनी सोडायला लावले असेही म्हणालो, पण ते तिने कानावर घेतले नाही. पाया पडली आणि अळणी पिठले करून घेऊन आली.

भगवा तंबू, वाढलेली दाढी आणि अळणी जेवण. त्यात दुसरा दिवस शनिवार. पहाटे येरळेवर आंघोळ करून मी नेहमीसारखा डोळे मिटून नामस्मरणाला बसलो. डोळे उघडले तर समोर बायका बसलेल्या, कुणाच्या हातात उदबत्ती, कुणाच्या मांडीवर खोकणारे पोर. कुणी ऋषिराजच्या गाडीच्या हँडलला हार घातला होता. मी परोपरीने सांगितले, की मी कुंडलचा शेतकरी, फिरायला आलो आहे. त्या समजुतीने हसल्या. खरा महाराज कधी कबूल करतो का, असे एकीने दुसरीला सांगितलेले मी ऐकले.

तेवढ्यात चढावरून तुझी आई आली. हातात नारळ, डोक्यावर पदर, सोबत दिलशादभाभी. मला लपायला तंबूच होता आणि त्याची चेन अडकली. ती पुढे आली, नारळ ठेवला, वर न बघता कपाळ टेकले आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "महाराज, लेक पुण्याला न्यायचं म्हणतोय. जाऊ का न्हाई, तेवढं सांगा."

मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

जयराज, मी तिला जा म्हणायलाच आलो होतो. चौरंगीनाथाला पहिल्या रात्री तंबूत मला एकटेपणाची जी भीती वाटली, ती तिच्यावर घालून मी निर्णय केला होता. पण ती रात्र माझी होती, तिथे मला ओळखणारे कुणी नव्हते. इथे नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला या लोकांनी एक रात्रसुद्धा एकटे राहू दिले नाही. खुंट्या बघून गेले. अळणी शिजवून आणले. तुझी आई तर त्यांच्यात चाळीस वर्षे राहिली आहे. मी दिलशादभाभींकडे बघितले. त्यांनी तुझ्या आईचा दंड धरला होता, उतारावर घसरू नये म्हणून. आणि तो धरला आहे हे त्यांचे त्यांनाही माहीत नसावे.

मी मान आडवी हलवली. तिला ऐकू येत नाही, म्हणून दोनदा हलवली.

ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "आदी दाढी कर." मग माझा तंबू तिने आणि भाभींनी मिळून काढला, आणि मी गाडी ढकलत त्यांच्या मागून घरी गेलो. हार काढायचे राहिले होते. गावातून जाताना लोक नमस्कार करत होते.

तेव्हा मामाचा शब्द असा, की आई वडूजलाच राहील. रिकामा शब्द देत नाही. रविवारी थांबून व्यवस्था लावून आलो. कुकर दिलशादभाभींना दिला, डाळ आता पातेल्यात शिजेल. दाराच्या घंटेला सिकंदर वायरमनने बल्ब जोडला आहे. बटण दाबले की स्वयंपाकघरात तो पेटतो. एक किल्ली भाभींकडे राहील. सकाळी परड्यातला दिवा मालवलेला दिसला नाही, तर त्या आत येऊन बघतील. तू महिन्यातून एकदा ये. फोनवर तोंड हलवण्यापेक्षा तिला पत्र लिही. तिचे डोळे चांगले आहेत.

तुला राग येईल. आला तर माझ्यावर धर, पण शब्द राख. प्रांजलला आशीर्वाद.

तुझा,
नाथाजी मामा

---

वडूज,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. नाथास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा निरोप मिळाला. रेश्मा काय म्हणाली ते लिहिले नाहीस, म्हणजे बरेच काही म्हणाली असेल. तिला सांग, तिचा नवरा इथे जेवला, झोपला आणि गोळ्या घेतल्या. मी समोर बसून मोजल्या.

जयाचे पत्र आले. त्याच्या हातचे पत्र मी त्याच्या शाळेनंतर पहिल्यांदा बघितले. अक्षर अजून तसेच, कोंबडीचे पाय. सुरुवातीला रागावला आहे, मधे कुकरवर पान भरले आहे, आणि शेवटी विचारले आहे की होळीला आलो तर पुरणपोळी मिळेल का. मी उत्तर टाकले, मिळेल. प्रांजलने खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. घरात बसून ते पत्र दिलशादला वाचून दाखवले, तिला माझे वाचणे ऐकावे लागले, बिचारीला.

आता तुला एक सांगायचे राहिले. तुझे औंधचे अंतर्देशीय शुक्रवारीच आले होते. औंध काय लंकेत आहे? तू माळावर खुंट्या ठोकत होतास तेव्हा मी इथे पायरीवर बसून ते वाचत होते. रात्री झोप लागली नाही. सकाळी दिलशादने खुणेने सांगितले, की माळावर महाराज आले आहेत, मीठ खात नाहीत. म्हटले, देवालाच विचारावे. नारळ घेतला तो खऱ्या मनाने घेतला, यमाईची शपथ.

पण चढ चढताना आधी मोटारसायकल दिसली आणि तिच्यावर सांगलीचा नंबर. मग तुझा टॉवेल दिसला, मीच दिलेला. दिलशादने मला मागे ओढले, मी तिला गप्प राहायची खूण केली. तू काय सांगणार होतास ते मला माहीत होते. चार बायकांच्या देखत थोरल्या बहिणीला घर सोड म्हणायची तुझी छाती नाही, जाळी बसवली तरी. म्हणून वर न बघता मोठ्यांदा विचारले. लबाडी केली म्हण.

तरी माझे एक ठरले होते. तू घाबरून मान हलवलीस असे दिसले, तर आपणहून पेटी बांधायची. भिडेने मिळालेल्या घरात मला राहवले नसते. पण तू आधी दिलशादच्या हाताकडे बघितलेस, मग माझ्याकडे. ते मी बघितले. कान गेल्यापासून मी माणसांच्या तोंडाकडे नुसती बघतच असते.

माळावर अजून कुणी ना कुणी उदबत्ती लावून येते. मी सांगते, महाराज माझा धाकटा भाऊ आहे. त्या म्हणतात, ओठांवरून कळते तेवढे, आक्का, तुमी लय पुण्यवान.

गाडीची बॅटरी उतरू देऊ नकोस. पुढच्या खेपेला तंबू जरूर आण, पण तो माझ्या परड्यात ठोक, पेरूच्या झाडाखाली जागा सपाट आहे. तू तंबूत एकटा झोप, मी घरात एकटी झोपते. सकाळच्या भाकरी एकाच तव्यावर होतील, तुझ्या पिठात मीठ घालणार नाही.

येताना दाढी करून ये. जीव जप, आणि कागद पाठवत जा.

तुझी,
बनुअक्का