आई घाबरली नाही

रविवार, संध्याकाळ

आज आईबरोबर टीव्हीवर सिनेमा पाहिला. त्यात एका म्हातारीकडे तिच्या मुलासारखा दिसणारा यंत्रमाणूस राहायला येतो. शेवटी तो तिला खोलीत कोंडतो, तेव्हा मी चक्क घाबरलो. आई शांतच. म्हणाली, “अरे, पण रोज समोर बसून विचारायचा ना तिला, जेवलीस का म्हणून?”

मी हसलो. “आई, मशीनला तहान-भूक काय कळणार?”

ती उठून स्वयंपाकघरात गेली.

ते ‘जेवलीस का’ डोक्यातून जातच नाहीये. बिजौलीच्या कारखान्यातून ड्यूटी करून घरी आल्यावर मी आईला विचारतो का कधी? विचारत असेन. आठवत नाही. मग मी घाबरलो ते नेमकं कशाला?

आत्ता स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. आई दचकली.

“का रे? काय झालं?”