तुला चुकून 'अहो' म्हटलं

आई, तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. परवा फोनवर बाबांच्या छातीतल्या दुखण्याचं सांगताना तू रडलीस आणि मी म्हणाले, "काळजी करू नका, आम्ही आहोत ना." "मला 'नका' कधीपासून म्हणायला लागलीस गं?" तू विचारलंस.

वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना मी दिवसभर हेच सांगते, तेही हसून. त्याच सकाळी एका बाईंना सांगितलं आणि तासाभरात त्यांचे यजमान गेले. तरी मी पुढच्या खाटेपाशी हसतच गेले.

आई, मला आता बाबांसाठीही रडू येत नाही गं. फार भीती वाटते. त्यांना डॉक्टरकडे नेलंस का? इथे सुट्टी देत नाहीत. तू नुसतं 'ये' म्हण, मी नोकरी सोडून येते.

तुझी,
थोरली