उलटी दुआ

कारा-बुलाक,
१३ ऑक्टोबर

चि. एरलिस यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मिनीबसवाल्या सादिरच्या हाती देतो आहे. फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. मोबाइल मी पिठाच्या पेटीत ठेवला आहे. तुझी वहिनी म्हणते, तिथे त्याला किडे लागतील. लागू देत. बटाटे काढून झाले. लाल गाय गाभण आहे.

तुझ्या चालगीन कंपनीची बातमी टीव्हीवर रोज असते. आपली माणसं कुठे आहेत ते मोबाइलवर ठिपक्याने दाखवायची तुमची ती सोय. आपल्या गावची मीरगुल नवऱ्याचं घर सोडून पळाली, जाताना तिने आपला ठिपका बंद केला, तरी सासरच्यांनी तिला बालिकचीतून ओढून आणलं. आता ती हात मोडून काराकोलच्या इस्पितळात आहे. हे सगळ्या देशाला कळलं. गावात दोन तट पडले आहेत. म्हातारा ओमुरबेक म्हणतो, ही कंपनी म्हणजे सैतानाची दुर्बीण. त्याचा जावई म्हणाला, गेल्या हिवाळ्यात बर्फात तुम्ही याच दुर्बिणीतून सापडलात, तेव्हा सैतान कुठे गेला होता? त्यावर म्हाताऱ्याने त्याचा चहाचा प्याला काठोकाठ भरून दिला. म्हणजे, पी आणि ऊठ.

माझ्याकडे मात्र लोक वेगळ्याच कामाला येतात. दोन वर्षांपूर्वी तुमची माणसं आली तेव्हा नमाज पढवणारा मोल्दो म्हणून मशिदीच्या अंगणात तळहात आभाळाकडे करून मीच दुआ दिली होती. माझ्या भरवशावर अख्खं गाव एकमेकांचे ठिपके दाखवणाऱ्या एका साखळीत शिरलं. मीरगुलही शिरली, तेव्हा ती माझ्याकडे कुराण शिकायला यायची. आता लोक म्हणतात, मोल्दोके, दिलीत तशी फिरवा. पंचवीस तारखेच्या शुक्रवारी तळहात पालथे करून कंपनीला उलटी दुआ, म्हणजे शाप, द्या. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एक विचारायचं होतं. कुणाचा ठिपका कुणी कधी पाहिला, हे तुमच्याकडे लिहून राहतं का? सहज विचारतो.

नमाज चुकवतोस हे ठाऊक आहे. जेवण तरी चुकवू नकोस.

तुझा,
सागिनबाय

---

बिश्केक,
१६ ऑक्टोबर

ती. थोरले बंधू आके यांस,
शि. सा. सलाम वि. वि.

पत्र पोचलं. सादिरने त्यावर चहा सांडला होता, पण वाचता आलं. मोबाइल पिठात ठेवलात हे वाचून शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली आणि म्हणाली, तुमच्या आकेंना आमच्याकडे सुरक्षा विभागात घ्या.

माझं काम काय आहे ते मी घरी कधी नीट सांगितलं नाही. वहिनीला मी मोठा इंजिनियर वाटतो. मी लोकांच्या शिव्यांना उत्तरं लिहितो. तेवढ्याने भागत नाही तेव्हा खोट्या नावांनी कंपनीची स्तुती लिहितो. कधी नारीनची आजी होतो, कधी तालासचा मेंढपाळ. परवा आजीने लिहिलं की नातवंडं कुठे आहेत ते दिसतं, म्हणून मला झोप लागते. खाली एका बाईने विचारलं, आजी, तुमची लेक अशी लपली असती तर? बंद केलेला ठिपका साखळीतल्या बाकीच्यांना तीन दिवस दिसत राहतो, हे इथे वसंतापासून माहीत होतं. मलाही होतं.

तुम्ही सहज विचारलंत. आके, तुम्ही सहज काहीच विचारत नाही. राहतं लिहून. एक तारखेला, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मीरगुलचा ठिपका एकाच मोबाइलवर उघडला गेला. नंबर वाचून मी यादी बंद केली, मग पुन्हा उघडली. तो नंबर मीच तुम्हाला घेऊन दिला होता.

साहेबांना ही यादी हवी आहे. दोष कंपनीचा नाही, गावातल्याच कुणाचा तरी आहे, असं निवेदन काढायचं आहे. यादी माझ्या हातून पुढे जाते. मी ती ओळ काढून टाकली. आता कुणाला कळणार नाही. तुम्ही शुक्रवारी खुशाल उलटी दुआ द्या. रोज हजार शाप पचवणाऱ्या कंपनीला आणखी एकाने अपचन होणार नाही. मी तिचंच अन्न खातो, मलाही लागेल, लागू दे. फक्त तुम्ही बोलू नका. तुम्हाला त्याच गावात म्हातारं व्हायचं आहे.

रागावलात तरी मला परका करू नका.

आपला,
एरलिस

---

कारा-बुलाक,
२० ऑक्टोबर

चि. एरलिस यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वहिनीलाही वाचून दाखवलं. तिला नवं काही नव्हतं. त्या दिवशी ती चुलीपाशीच होती.

मीरगुलचा सासरा आला, त्याचं घर आपल्या साखळीत नाही. मी त्याला मानाच्या जागी बसवलं, त्याने भाकर मोडली आणि तो रडला. सून कोट न घालता निघून गेली, डोक्याने ठीक नाही, जिवाचं काही करून घेईल, असं म्हणाला. थंडीच्या दिवसांत एखादी पोर कोट न घेता का पळते, हे मी विचारलं नाही. चष्मा शोधला, मोबाइल उघडला. ठिपका लुकलुकत होता. बालिकची, स्टेशनामागचा शिवणखाना, असं मी सांगितलं. आणि एरलिस, मला आनंद झाला. वाटलं, माझ्या दुआला फळ आलं. त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. तो गेल्यावर वहिनी म्हणाली, आधी पोरीला विचारायचं होतं. मी तिला म्हणालो, तू पातेल्याकडे बघ.

तेव्हापासून जो येतो तो कंपनीला शिव्या देतो, आणि प्रत्येक शिवीने माझ्यावर एक पांघरूण पडतं. त्या उबेची मला सवय व्हायला लागली होती.

ती ओळ परत घाल. आणि तीन दिवसांची गोष्टही साहेबांच्या त्याच कागदावर लिहिली जाईल असं बघ. तुझी आजी आणि तुझा मेंढपाळ यांच्या रांगेत आता निर्दोष मोल्दो नको. यात नोकरी जाईल, मला कळतं. घर इथे आहे.

तुझा,
सागिनबाय

---

कारा-बुलाक,
२६ ऑक्टोबर

चि. एरलिस यास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्याकडून काही आलं नाही. तू काय केलंस ते विचारत नाही. इथलं कळवतो.

काल अंगण भरलं होतं. बायका फाटकाबाहेर उभ्या होत्या. मागच्या पत्रात तुला लिहिलं, तेच मी त्यांना सांगितलं. चुंबनाचं आणि आनंदाचंही. मग तळहात पालथे केले आणि म्हणालो, ज्यांनी बंद ठिपका उघडा ठेवला त्यांना, आणि ज्याने तो पाहून वाट दाखवली त्याला, एकच लागो.

उलटी दुआ एकट्याच्या तोंडाने पुरी होत नाही, ऐकणाऱ्यांनी आमीन म्हणावं लागतं. कुणी म्हणेना. ओमुरबेकने माझी मनगटं धरून हात खाली केले आणि पुटपुटला, वेडे झालात का मोल्दोके, स्वतःला कोण शापतं. कंपनीला एकटीला द्या, आम्ही घसा फोडून आमीन म्हणतो. मीरगुलचा चुलत सासरा म्हणाला, चांगल्या मनाने सांगितलंत, त्यात तुमचा काय दोष. मागून कुणी तरी म्हणालं, चूक कुणाच्या हातून होत नाही? सगळे मला सोडवायला निघाले होते, आणि खरं लिहितो, मलाही सुटावंसं वाटलं.

तेव्हा फाटकापाशी मीरगुलच्या आईने, साइराने, आमीन म्हटलं. मोठ्याने नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. चांगल्या दुआनंतर फिरवतात तसे तिने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि ती लेकीकडे जायला काराकोलच्या गाडीसाठी रस्त्याकडे चालू लागली.

मी अजून तिथेच उभा असल्यासारखा आहे. माया करावीस असं लिहायची रीत आहे. या खेपेला ते तुझ्यावर सोडतो.

तुझा,
सागिनबाय