अण्णांचा संघ

अण्णा, तुमच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास छापणार आहेत. कारखान्यातली दोन म्हातारी माणसं काल घरी येऊन म्हणाली, वडिलांवर पानभर लिहून द्या. मी ‘सरी, देतो’ म्हटलं. त्यांना गोड गोड लिहून देईन. तुम्हाला खरं लिहितो.

संघ तुम्ही उभा केलात, हे नाकारत नाही. कँटीनमागची माती खेळाडूंबरोबर स्वतः चोपलीत, खोक्यांच्या फळ्यांचा बोर्ड केलात, लोहारखात्यातून कडी घडवून आणलीत. पुढे साहेबांना या खेळाचा नाद लागला आणि चांगल्या खेळाडूला कारखान्यात कायमची नोकरी मिळू लागली. पगार खेळण्याचा, यंत्राला हात नावापुरता. सामना झाला की अख्खा संघ आमच्याकडे जेवायला. आई चुलीपुढे घामाघूम, आणि तुम्ही एकेकाला आग्रहाने वाढताय. माझी पाळी शेवटी. का, तर मी घरचा.

तो निवडीचा सामना मी विसरलेलो नाही. नोकरीची एकच जागा आहे, साहेब खुर्ची टाकून बसलेत. माझ्यासारखा नेम कुणाचा नाही, हे आदल्या दिवशी तुम्हीच आईला सांगितलंय. तरी तुम्ही मला बाकावरून उठवत नाही. कप्तान धापा टाकत येतो, “अण्णा, याला घ्या की आत. स्वल्प तरी खेळू दे.” तुम्ही म्हणता, “घरचा पोरगा घेतला तर लोक काय म्हणतील?”

जागा दुसऱ्याला गेली. साहेबांनी तुमची पाठ थोपटली, तुमच्या निःपक्षपातीपणाचा गावभर बोलबाला झाला. माझ्या पोटावर पाय देऊन मिळवलीत ती शाबासकी. माझा जन्म यशवंतपूरच्या मालधक्क्यावर पोती उतरवून घेण्यात गेला. त्या दिवशी जेवताना मात्र तुम्ही पहिल्यांदा मला आधी वाढलंत. मी ताटावरून उठलो. तुम्ही हाकही मारली नाहीत. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

वाचायला तुम्ही नाही, हे पत्र चुलीत जाईल. पण एक सांगायचं राहिलं. परवा गल्लीतल्या मुलींचा संघ मला निवडायला सांगितला. मी नातीला घेतलं. तिचा एकही चेंडू कडीत गेला नाही. लोक कुरकुरले, पण मी तिला बाहेर काढलं नाही. आम्ही सपाटून हरलो, अण्णा, आणि मला फार बरं वाटलं.